औषध कालवणारे हात

कौसावहिनी,

तुमच्या निधनाची बातमी पेपरात द्यायला नवीन जालन्यातल्या त्यांच्या कार्यालयात मीच गेलो होतो. तिथल्या माणसानं छापील नमुना पुढे सरकवला आणि मी त्यात तुमचं नाव आणि गाव भरून दिलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'अल्पशा आजाराने निधन.' दादानं ती ओळ दोनदा वाचली, पेपरची घडी करून मांडीखाली ठेवली आणि मला विचारलं, "अल्पसा म्हंजे किती रे?"

सात वर्षं तुमचा हात थरथरत होता, वहिनी. आधी उजवा, मग डावाही. शेवटच्या वर्षी तर घोट गिळायला तुम्हाला मानेनं जोर लावावा लागायचा. आणि मी मुकाट्यानं 'अल्पसा' लिहून आलो, कारण नमुन्यात तसं होतं. तुमच्या बाबतीत खरं सोडून सोयीचं सांगण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. पहिल्या वेळेचं तुम्हाला माहीत आहे. तरी मला ते आज पहिल्यापासून सांगायचं आहे, कारण आजवर आपण दोघांनीही ते कधी तोंडाबाहेर काढलं नाही.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी नववीत होतो. आई आधीच गेली होती. तुम्ही माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठ्या, तरी पहिल्या दिवसापासून मला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणालात आणि मीही तुम्हाला कधी 'तू' म्हटलं नाही. आपल्या घरात त्या 'तुम्ही'त फार माया होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत दादानं तीर्थपुरीच्या बाजूच्या बागा पाहून आपल्या विहिरीखाली मोसंबी लावली. उन्हाळ्यात त्या कोवळ्या झाडांना तुम्ही घागरीनं पाणी घातलंत. एकेका झाडाशी वाकायच्या आणि उठताना कंबरेवर हात ठेवायच्या.

परभणीला शेतकी शिकायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी नापास झालो आणि पेटी घेऊन घरी परत आलो. दादा म्हणाला, असू दे, बागेत माणूस लागतंच. तुम्ही भाकरी थापता थापता थांबलात.

"बाग बघायला आम्ही हाव की. तुम्ही जा परत. आम्हाला वाचून दाखवणारं कुणी तरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः मला वाटूरच्या फाट्यापर्यंत सोडायला आलात आणि एस.टी. हलेपर्यंत उन्हात उभ्या राहिलात. तेव्हा तुम्ही मध्ये पडला नसतात तर मी पदवीधर झालो नसतो. आणि पदवीधर झालो नसतो तर कदाचित तुम्हीही आज असतात. हा विचार गेले वीस दिवस मला सोडत नाही. त्यात तर्क किती आणि अपराध किती, ते मला ठरवता येत नाही.

नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत मला नोकरी लागली. काम बियाण्याचं, पण शेतकरी भेटला की फवारणीचंच विचारायचा, आणि मी छाती पुढे काढून सांगायचो. आपली बाग ही माझी दाखवायची बाग झाली. नवती, म्हणजे नवी पालवी, फुटली की पानं पोखरणारी अळी, मग काळी माशी, मग पानांवर काजळीसारखी कोळशी. प्रत्येकाला वेगळं औषध. मी कागदावर वेळापत्रक लिहिलं आणि तुम्ही ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलंत.

फवारणीला तीन माणसं लागायची. एक पायपंप दाबणारा, एक लांब नळी धरून झाडावर मारणारा आणि एक औषध कालवणारं. नळी दादाच्या हातात, पंपावर गडी, आणि कालवायला तुम्ही. ड्रममध्ये पाणी भरायचं, बाटलीच्या टोपणानं औषध मोजून टाकायचं, पाणी दुधासारखं पांढरं झालं की कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं. बांगड्या तुम्ही वर सारून घ्यायच्या. पदर ओला व्हायचा. संध्याकाळी दादाचे कपडे तुम्हीच धुवायच्या, आणि मग त्याच हातानं पीठ मळायच्या.

तुमची शाळा चौथीपर्यंतच झाली होती. तरी बाटलीसोबतचा तो बारीक अक्षरांचा कागद तुम्ही एकदा पायरीवर बसून बोट ठेवत ठेवत वाचला. मी सुट्टीला आलो होतो.

"भाऊजी, ह्याच्यात लिवलंय, हातानं कालवू नये, काठी घ्यावी. वाऱ्याच्या तोंडावर मारू नये. कपडे येगळे धुवावेत. अन् आपण तर समदं उलटंच करून राह्यलो."

मी हसलो. म्हणालो, "वहिनी, ते कंपन्यांना लिहावंच लागतं. कायदा असतो तसा."

तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि डब्यात ठेवलीत. फेकला नाहीत. तो कागद तुम्ही का जपलात, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही. वाचून दाखवायला म्हणून तुम्ही मला शिकायला परत पाठवलं होतंत. वाचून तुम्ही दाखवलंत, आणि मी हसलो.

मग तो श्रावणातला दिवस. काळी माशी हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीचे साहेब बाग बघायला येणार होते. मी सकाळीच आलो आणि सांगितलं, एका टोपणाच्या जागी दोन टाका. दादा म्हणाला, "बाटलीवर तर एकच लिवलंय." मी म्हणालो, "माझ्यावर सोड." तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि दोन टोपणं टाकलीत. पाऊस उघडलेला, उकाडा, वारा पडलेला. झाडांखाली औषधाचा वास कोंडून राहिला होता. दुपारपर्यंत तुम्ही नऊ ड्रम कालवलेत.

जेवायला बसलात आणि म्हणालात, "भाऊजी, डोळ्यापुढं धुकं आल्यावाणी होऊन राह्यलंय." मग घाम सुटला. तोंडातून लाळ गळायला लागली, पुसली तरी थांबेना. उलटी झाली आणि तुम्ही बांधावरच कोसळलात. शेजारच्याची जीप मिळाली. सबंध रस्ताभर दादा तुमचं डोकं मांडीवर घेऊन "जल्दी चला, जल्दी चला" एवढंच म्हणत होता.

जालन्याच्या दवाखान्यात तुम्हाला आत नेलं. दादा दारापाशीच थांबला. म्हणाला, "तू जा आत. तुला बोलता येतं." डॉक्टरनं तुमचा हात हातात घेऊन मला विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "उन्हात काम करत होत्या. चक्कर आली."

वहिनी, मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो की ते तुमच्यासाठी होतं. विषबाधा म्हटलं की पोलिसांत नोंद होते. बाईमाणूस आणि औषध म्हटलं की सगळं गाव म्हणणार, घरात काही तरी झालं असेल, प्याली असेल. तुमच्या माहेरचे धावून आले असते. हे सगळं खरं होतं. पण डॉक्टरनं विचारलं तेव्हा ह्यातलं एकही माझ्या मनात आलं नव्हतं. मनात एवढंच होतं, की उद्या साहेब येणार आहेत आणि दोन टोपणं मी सांगितली होती.

त्यांनी तुम्हाला सलाईन लावलं. उन्हाचा पेशंट म्हणून पंखा लावला. तासभर तसाच गेला. तुमचा श्वास घरघरायला लागला आणि मी पलंगाच्या पायाशी उभा राहून गप्प होतो. मग एक वयस्कर नर्स तुमची चादर नीट करायला वाकली, थांबली आणि तुमचा पदर नाकाशी नेला. "डॉक्टरसाहेब, हिच्या अंगाला फवाऱ्याचा वास येऊन राह्यलाय." डॉक्टरनं तुमच्या पापण्या उघडून पाहिल्या. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकलेले दिसता तुम्ही. सांगता येत नव्हतं?" मग धावपळ झाली. इंजेक्शनावर इंजेक्शन, कपडे बदलणं, साबणानं अंग धुणं. संध्याकाळी तुमचा श्वास जागेवर आला.

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आलो. दादा औषध आणायला खाली गेला होता. तुम्ही कपाकडे बघत म्हणालात, "भाऊजी, मला त्या दिवशी समदं ऐकू येत होतं. निस्तं बोलता येत नव्हतं."

मी कप पुढे केला. तुम्ही कप घेतलात आणि म्हणालात, "साखर कमी हाय."

तेवढंच. तुम्ही दादाला सांगितलं नाहीत, माहेरी सांगितलं नाहीत, भांडणात कधी तोंडावर मारलं नाहीत. मी त्याला तुमचा मोठेपणा समजलो आणि निवांत झालो. माफी मागायची तर आधी तो विषय काढायला हवा होता. तुम्ही काढत नव्हता म्हणून मीही काढला नाही, आणि बघता बघता सोळा-सतरा वर्षं झाली.

पुढच्या हंगामात मी जालन्याहून हातमोजे आणले. हे लिहिताना माझा पेन अडतो आहे. मी एकच जोड आणला, दादासाठी. फवारणारा तो होता ना! कालवणाऱ्या हातांना मोजे लागतात हे तुम्हाला मरणाच्या दारातून आणल्यावरही माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही तो जोड हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि दादाला दिला. तेव्हापासून तुम्ही कडुलिंबाच्या काठीनं कालवायला लागलात, एवढं मी पाहिलं. पण काठीनं तळाचं हलत नाही म्हणून दादा घाई करायचा, आणि कधी कधी हात पुन्हा ड्रममध्ये जायचा. अशी आणखी आठ-नऊ वर्षं.

मग एका सकाळी भाकरी थापताना तुमचा उजवा हात परातीवर आपोआप वाजायला लागला. तुम्हीच आधी हसलात. चाळिशीही झाली नव्हती तुमची.

औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, आणि विचारलं, "शेतातली औषधं हाताळायच्या का?" दादा म्हणाला, "समदेच हाताळतेत, साहेब." ह्या वेळी मी खोटं बोललो नाही. सगळं सांगितलं, एकदा विषबाधा झाली होती तेही. डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्या आजारात असा संबंध असू शकतो, असं आम्ही मानतो. पण एका माणसाकडे बोट दाखवून, ह्यांना ह्याच्यामुळेच झालं, असं सांगता येत नाही. असू शकतं. नसूही शकतं."

परतताना एस.टी.त तुम्ही खिडकीशी बसला होता. तुम्ही विचारलंत, "भाऊजी, खरं सांगा. औषधाचंच असंल ना?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणालेत ना, नसूही शकतं."

त्यांनी दोन शब्द दिले होते, वहिनी. मी दुसरा उचलला, आणि तोही तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. आजही मला माहीत नाही तो आजार कशानं झाला. कुणालाच माहीत नाही. पण तुम्ही मला रोगाचं कारण विचारत नव्हता. तुम्ही मला बोलायची वाट करून देत होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर आपले वाद सुरू झाले. तुम्ही म्हणायच्या, कंपनीच्या शेतकरी मेळाव्यात बोलता तिथे हे सांगा. मी म्हणायचो, लोकांना घाबरवून काय मिळणार? फवारणी बंद केली तर बागा जातील, तुम्हाला माहीत आहे. एकदा तुम्ही चिडलात. थरथरता हात दुसऱ्या हातानं दाबून धरलात आणि म्हणालात,

"मी कुठं म्हणते बंद करा? बाग माझीबी हाय. पर तुम्ही माइकवर किती मारायचं ते सांगता. कसं मारायचं ते कधी सांगता का? अन् कालवणारीला तर तुम्ही मेळाव्याला बोलावतबी न्हाई."

मी म्हणालो, "बघू, पुढच्या वेळी." तो वाद तिथेच राहिला. पुढच्या वेळा कितीतरी आल्या. तुमचं बरोबर होतं, वहिनी. बिलकुल बरोबर होतं. मी माइकवर ते एकदा जरी बोललो असतो, तरी कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला हे कसं कळलं? त्या प्रश्नाला मी भीत होतो.

तुमच्या दहाव्याला पुष्कळ बायका आल्या. मला वाटलं होतं भावकीतल्या येतील. पण आजूबाजूच्या बागांमधल्या, कामावर जाणाऱ्या, कुठकुठल्या बायका आल्या. त्यांत ओढ्यापलीकडच्या गयाबाई होत्या. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि वाकून पाया पडल्या. मी मागे सरलो.

"तुमचे लई उपकार हायेत," त्या म्हणाल्या. "माझी सून दुसऱ्यांदा पोटुशी होती तवा तिला कालवायला बसवलं होतं. तुमच्या वहिनी पळत आल्या, हात धरून उठवलं तिला. म्हणाल्या, आमचे भाऊजी शेतकी शिकलेत, त्यांनी बजावून सांगितलंय, पोटुशा बाईनं औषधाजवळ थांबायचं न्हाई. काठीनं कालवायचं, हाताला पिशवी बांधायची, कपडे येगळे धुवायचे, हेबी तुम्हीच सांगितलेलं. समद्या बागांमधी फिरायच्या त्या. बाटलीवरचा कागद सोबत असायचा."

मी काय म्हणालो असेन? नुसती मान हलवली. तिथे जमलेल्या पन्नास माणसांसमोर तुमचं श्रेय मी मान हलवून घेतलं, तुमचं पान अजून कावळ्यासाठी बाहेर ठेवलेलं असताना.

पण ह्या वेळी ते पचलं नाही. पाहुणे गेल्यावर दुपारी मी दादाजवळ ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. दोन टोपणं त्याला ठाऊक होती. डॉक्टरला सांगितलेलं 'ऊन' ठाऊक नव्हतं. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला,

"त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसल्तो. लोक मला म्हणत होते, आत जा, बायकू हाय तुझी. मी म्हणलं, माझा भाऊ हाय आत, शिकलेला हाय. मला काय फिकीर?"

एवढं बोलून तो उठला आणि बागेत निघून गेला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या पंक्तीला जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी जालन्याला परत निघालो, तेव्हा गाडीपर्यंत आला.

"मला सांगून तू मोकळा होऊ नको," तो म्हणाला. "ज्या बाईनं तुझे पाय धरले तिला जाऊन सांग, ते कुणाचं सांगणं होतं."

मी जालन्याला गेलो, पण आठवडाभर माझं लक्ष कशातच नव्हतं. काल सकाळी मोटारसायकल काढली आणि गयाबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात तूर निवडत होत्या. मी खाली बसलो आणि म्हणालो, "गयाबाई, ते मी सांगितलेलं नव्हतं. त्यातलं एक अक्षरही मी वहिनींना कधी सांगितलं नाही. त्यांनी कागद वाचून मला सांगितलं होतं, आणि मी हसलो होतो."

त्यांचा सुपातला हात थांबला. "मंग त्या तुमचं नाव कशापायी घ्यायच्या?"

"माझ्या नावावर लोक ऐकतील म्हणून असेल."

"न्हाई वो," गयाबाई म्हणाल्या. "आम्ही त्यांचंबी ऐकलंच असतं. सोता भोगून राह्यल्या होत्या त्या, दिसत होतं की आम्हाला. मी एक डाव इचारलं त्यांला. म्हणलं, तुमचे भाऊजी एवढं सांगतेत, तर सोता येऊन का सांगत न्हाईत? तर म्हणल्या, येतील. त्यांला जरा येळ लागंल. तवर मी सांगते."

वहिनी, मला रडता आलं नाही. गयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि आत सुनेला हाक मारली. सून आली, तिच्या मागे शेजारच्या दोघीजणी आल्या, कुंपणापाशी उभी असलेली एक म्हातारी आली. गयाबाई त्यांना म्हणाल्या, "बसा गं. कौसाबाईचे भाऊजी आलेत."

त्या बसल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी दवाखान्यात डॉक्टरनं मला 'काय झालं' म्हणून विचारलं होतं, तिथपासून सांगायला सुरुवात केली.